रेघ स्थिरावेपर्यंत

"दार! आधी दार लावा!"

ती इतक्या जोरात ओरडली, की दारात आलेला तो तरुण हातातला खोका छातीशी कवटाळून जागच्या जागी थिजला. ना आत, ना बाहेर. आणि दार मात्र सताड उघडं... पॅसेजमधला ओला, गार वारा खुशाल आत शिरत होता.

शेवटी तिनेच धावत जाऊन दार लोटलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. स्क्रीनवर सकाळपासून सावकाश चढत आलेल्या रेघा एकदम खाली झुकल्या होत्या.

"माझं... काही चुकलं का?" त्याने हळूच विचारलं.

"सकाळपासून बसलेय मी या इस्त्रीसमोर," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी होतं. "आता थोड्याच वेळात तापमान स्थिर झालं असतं. तुम्ही आलात आणि सगळं गार पडलं."

"नवलच आहे," तो म्हणाला. "आजवर मी आलो की लोक तापायचे."

तिला हसायचं नव्हतं. नाकावरचा राग निदान संध्याकाळपर्यंत तरी टिकायला हवा होता. पण तो इतक्या गरीब चेहऱ्याने उभा होता, केसांवर पावसाचे बारीक थेंब, खोक्याच्या भाराने वाकलेली बोटं... की ओठांचा एक कोपरा तिला न विचारताच हलला. त्याने तो बघितला. बघितला हे तिलाही कळलं.

ती लॅब म्हणजे विजेच्या वस्तूंची परीक्षा घेणारी जागा. किटली असो, इस्त्री असो, खोली उबदार करणारा हीटर असो, दुकानात जायच्या आधी ती वस्तू इथे यायची. वस्तूच्या अंगावर जागोजागी केसासारख्या बारीक तारा चिकटवायच्या, ती चालू करायची आणि वाट बघायची. तारा तापमान सांगत राहणार, रेकॉर्डर ते लिहीत राहणार. चढणारी रेघ कधीतरी थकते, आडवी होते, स्थिरावते. मग कळतं, ही वस्तू जास्तीत जास्त किती तापते आणि कुणाचा हात भाजेल की नाही. तोवर खोलीत वाऱ्याची झुळूकसुद्धा चालत नाही.

तारा चिकटवण्यात तिचा हात धरणारं लॅबमध्ये कुणी नव्हतं. बोटांची टोकं कायम गोंदाने माखलेली, म्हणून सगळे तिला डिंकी म्हणत. आधी ती चिडायची. मग चिडणं सोडून दिलं, कारण चिडलं की नाव जास्तच घट्ट चिकटतं.

आणि तो? तो एका कंपनीकडून नवा रेकॉर्डर घेऊन आला होता. कोपऱ्यातला जुना रेकॉर्डर आता खरोखरच म्हातारा झाला होता. त्याला सगळे 'आजोबा'च म्हणत. एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जाताना तो टक्... टक्... असा आवाज करायचा, जणू काठी टेकत चाललाय. त्याचे निम्मेअधिक चॅनल, म्हणजे तारा जोडायच्या जागा, मुके झाले होते. म्हणून लॅबच्या प्रमुखबाईंनी डिंकीला बोलावून सांगितलं होतं, "दोन कंपन्यांची यंत्रं मागवली आहेत. महिनाभर दोन्ही वापर. कुठलं घ्यायचं ते तू ठरवायचंस. मी सही करीन, पण शब्द तुझा."

एवढा मोठा शब्द तिच्या तोंडात आजवर कुणी दिला नव्हता.

*

त्याचं यंत्र देखणं होतं. हातात मावेल एवढं, रंगीत पडद्याचं. एकेका तारेला एकेक रंग... सगळ्या रेघा एकदम, पाण्यावर सोडलेल्या रेशमी धाग्यांसारख्या सरकायच्या. शेजारच्या टेबलांवरची मंडळी मुद्दाम बघायला यायची. दुसऱ्या कंपनीचं यंत्र म्हणजे करडा, ठोकळ्यासारखा डबा. पडद्यावर नुसते आकडे. ते घेऊन आलेले काकाही तसेच रुंद, संथ, गळ्यात चष्मा अडकवलेले.

"हे काय, तुमचं यंत्र दिसायला अगदीच साधं आहे हो काका," ती म्हणाली होती.

"मीही साधाच आहे बाळ," काका म्हणाले होते. "पण बायकोने चाळीस वर्षं ठेवून घेतलंय."

काका यंत्र ठेवून गेले ते गेलेच. तो मात्र येत राहिला. कधी तारा जोडून द्यायला, कधी सेटिंग बघायला, आणि कधी कधी तर कारण जिना चढता चढता शोधलंय हे स्पष्ट दिसावं अशा घाईने.

"आज काय बिघडलं?" ती खाली मान घालूनच विचारायची.

"काही नाही. म्हणून तर आलो. काही कसं बिघडत नाही, याची काळजी वाटली."

मग दार लावायचं, अगदी हळू. आणि बसून राहायचं. तापमान चढत असताना माणसाला दुसरं काही करता येत नाही. खोलीत ऊब साचत जायची, काचेबाहेर पाऊस भुरभुरत असायचा, आणि ती दोघं हालचाल न करता, जवळजवळ श्वास सांभाळून बोलत राहायची. हळू आवाजात बोललं की साध्या गोष्टीही गुपितासारख्या वाटतात. त्याला लहानपणी घड्याळं उघडून बघायची खोड होती आणि बंद करता यायची नाहीत. ती मावशीकडे वाढली होती. मावशीने तिला शिवण शिकवायचा फार प्रयत्न केला आणि अखेर कानाला खडा लावला.

"आणि आता हीच बोटं इतक्या बारीक तारा लावतात!" तो म्हणाला.

"सुईला टोचायचं असतं. तारेला नुसतं टेकायचं असतं."

"मला शिकवाल?"

तिने शिकवलं. तारेचं टोक कसं अलगद धरायचं, गोंदाचा थेंब किती छोटा हवा... "अहो, एवढा नको! तार बुडाली त्यात. गोंद जास्त झाला की तारेला वस्तूचं तापमान कळत नाही, गोंदाचंच कळतं." त्याने थेंब पुसायला बोट पुढे केलं, तिनेही केलं, आणि दोघांची बोटं एकमेकांना चिकटली.

अगदी खरोखरची चिकटली.

"हलू नका," ती म्हणाली.

"मी कशाला हलतोय..."

ती कोमट पाण्याने हळूहळू बोटं सोडवत होती. तो तिच्याकडे बघत होता. ती बघत नव्हती, निदान बघत नाही असं दाखवत होती. कोपऱ्यात आजोबा टक्... टक्... करत होते. गोंद सुटला, तरी बोटं थोडा वेळ तशीच राहिली.

"सुटलं," शेवटी ती म्हणाली.

"हो का? मला नाही जाणवलं, डिंकी."

"डिंकी म्हणायचं असेल, तर अहो-जाहो सोडावं लागेल."

"मग तूही सोड."

"बरं... सोडलं." आणि मग बराच वेळ तिला 'तू' या शब्दाने सुरू होणारं एकही वाक्य सुचेना.

त्या दिवशी घरी गेल्यावर मावशी गुडघ्याला तेल चोळत बसली होती. तिने वर न बघताच विचारलं, "कोण आहे गं?"

"कोण कोण आहे?"

"हल्ली जिन्यात तुझी पावलं वाजत नाहीत. तरंगत येतेस."

*

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. किटलीची परीक्षा संपत आली होती. रेघा आडव्या झाल्या होत्या. तरी तो उठेना.

"एक बोलायचं होतं," तो म्हणाला. मग थांबला. "पण आत्ता नाही."

"मग कधी?"

"तुझा निर्णय झाल्यावर. आत्ता बोललो, तर उद्या तुलाच वाटेल... यंत्र खपवायला बोलला."

"मला नाही वाटणार."

"मला वाटेल ना."

तिने किटली बंद केली. रेघा उतरायला लागल्या. ती मनात म्हणाली, यात अवघड काय आहे? त्याचं यंत्र चांगलं आहे, सगळ्यांना आवडलंय. निर्णय लिहायचा, द्यायचा आणि तो काय बोलतो ते ऐकायचं. त्या आठवड्यात तिला सगळीकडे, बसच्या काचेवर, चहाच्या वाफेत, तेच एक न बोललेलं वाक्य दिसत राहिलं.

काका मधेच एकदा डोकावले. करड्या डब्यावर धूळ बघून हसले.

"समजलं मला. त्या पोराचंच घेणार. घे बाळ, वाईट नाही ते. त्याची पहिलीच मोठी ऑर्डर आहे. ही हुकली तर त्याचे साहेब त्याला बाहेरच्या कामावरून काढून बाकावर बसवणार, दुरुस्त्या करत." मग स्वतःशीच मान हलवत म्हणाले, "चांगला पोरगा आहे."

हे त्याने तिला कधीच सांगितलं नव्हतं. एका शब्दाने नाही. तिला तो आणखीच आवडला आणि तिने करड्या डब्यावरची धूळ पुसून काढली.

*

मग ते हीटिंग पॅड आलं. दुखऱ्या गुडघ्याला, पाठीला गुंडाळायचं, विजेवर तापणारं. बातमी कळल्यापासून मावशीने धोशा लावला होता, "पास झालं की एक माझ्यासाठी बघ हं."

डिंकीने पॅडची शिवण उसवली, आतल्या उघड्या तारेवर, जिथून वीज वाहते तिथेच, सेन्सर, म्हणजे आपल्या त्याच बारीक तारा, चिकटवले. काही कापडावर लावले. दोन्ही नवी यंत्रं जोडली आणि आजोबांचे दोन शहाणे चॅनलही त्याच जागांवर, आतल्या तारेवर आणि कापडावर, लावून ठेवले. पॅड चालू केलं.

त्याच्या यंत्रावरच्या रेघा पहिल्यांदाच वेड्यावाकड्या झाल्या. कापडावरचं तापमान आजोबा आणि करडा डबा एक सांगत होते, हे सुंदर यंत्र भलतंच काहीतरी सांगत होतं. तिने तारा हलवून बघितल्या. पुन्हा चिकटवल्या. मग तिला एक सोपी युक्ती आठवली, आणि आठवली नसती तर बरं झालं असतं असंही वाटलं. तिने पॅडची वीज क्षणभर बंद केली.

तापलेली वस्तू एका क्षणात गार होत नाही. पण पडद्यावरच्या रंगीत रेघांनी एकदम खाली उडी घेतली. म्हणजे ती ऊब नव्हतीच. एका तारेतली वीज आतल्या आत शेजारच्या तारांच्या आकड्यांत मिसळत होती. यंत्राचे चॅनल एकमेकांपासून नीट वेगळे केलेलेच नव्हते. किटली-इस्त्रीच्या बाहेरच्या अंगावर वीज नसते, तिथे ते कधी कळलं नसतं. इथे कळलं.

ती खुर्चीत बसून राहिली. दुसरं कुणीच बघितलं नव्हतं. आणि तिला आपलीच लाज वाटली, की हा विचार आपल्या मनात आला तरी कसा.

दुपारी तो आला. तिने वीज चालू केली, बंद केली. रेघांनी उडी मारली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळत गेलं.

"ऑफिसला विचारतो," तो म्हणाला आणि पॅसेजमध्ये गेला. परत आला तेव्हा तिच्या नजरेला नजर देईना. "साहेब म्हणतात... सेन्सरच्या खाली पातळ पट्टी लाव. वीज लागणार नाही, उडी जाईल."

"लावून बघू या."

त्याने स्वतः पट्टी कापली. तिने शिकवलं होतं तसंच, अलगद, तार पट्टीवर टेकवली. दोघं बसली. दार बंद, बाहेर तोच भुरभुर पाऊस. पण आज कुणी बोलत नव्हतं. रेघा सरळ चढल्या, शहाण्यासारख्या. उडी गेली. आणि मर्यादेच्या लाल रेघेच्या खालीच, अगदी सुबकपणे, त्या स्थिरावल्या.

पॅड पास झालं होतं.

कोपऱ्यातले आजोबा मात्र त्याच जागेचं तापमान लाल रेघेच्या पुष्कळ वर सांगत होते. करडा डबाही तेच सांगत होता.

"पट्टीमुळे कमी दाखवतंय," ती हळू आवाजात म्हणाली.

"हो."

"माझ्या मावशीला असं पॅड हवंय. गुडघ्याला बांधून झोपेल ती."

तो पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने तारा सोडवायला सुरुवात केली, एकेक, गोंदाचा ठिपकासुद्धा मागे न ठेवता.

"काकांचं घे," तो म्हणाला. "आमचं तुझ्या कामाचं नाही."

"तुझी पहिली ऑर्डर आहे ना?"

त्याने चमकून बघितलं. "कुणी सांगितलं?" उत्तराची वाट न बघता तो उभा राहिला. "असू दे. पहिलीच आहे, शेवटची थोडीच आहे?"

"थांब ना... तू काहीतरी बोलणार होतास."

"निर्णय झाल्यावर म्हणालो होतो." दाराशी तो वळला. हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. "आता काय बोलू, डिंकी? येतो."

यंत्र टेबलावरच राहिलं. त्याने दार इतक्या हळू लावलं, की स्क्रीनवर काहीसुद्धा हललं नाही.

*

निर्णय तिने दुसऱ्याच दिवशी लिहून दिला. प्रमुखबाईंनी वाचला, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"तो मुलगा आवडतो ना तुला?"

ती दचकली. मग मान हलवली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. बाईंच्या नजरेतून काही सुटत नसे.

"तरी त्याचं यंत्र नाकारलंस."

"त्यानेच सांगितलं, नको घेऊस म्हणून."

बाईंनी सही केली, शाई वाळेपर्यंत कागदाकडे बघत राहिल्या. "यंत्र योग्य निवडलंस. पण असं कबूल करणारा माणूस शोधून सापडत नाही. तो हातचा घालवशील, तर मूर्ख ठरशील. हे मी प्रमुख म्हणून बोलत नाहीये."

तो आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा उलटत आला. करडा डबा कामाला लागला. कधी चुकला नाही, कधी काही बोललाही नाही. तापमान चढायची वाट बघणं आता नुसतंच वाट बघणं झालं. घरी मावशीला पॅड नापास झाल्याचं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "जाऊ दे, माझा गुडघा तेलावर चालतोय. तुझं काय? हल्ली पुन्हा पावलं वाजायला लागलीत जिन्यात."

डिंकीला रडू फुटलं. सगळं सांगून झालं, तसं मावशीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणजे तो म्हणतो निर्णय झाल्यावर बोलीन, आणि निर्णय झाल्यावर तोंडाला कुलूप. अगं, त्याचं यंत्र तुझ्याकडेच आहे ना अजून? परत नको करायला?"

"कुरिअरने जाईल ते."

"वा! आणि तुझे पाय काय माझ्यासारखे दुखतायत?"

*

त्याचं ऑफिस एका चपलांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. खोका घेऊन ती जिना चढली. दार उघडंच होतं. खिडकीजवळच्या लांब बाकावर तो बसला होता. बाह्या दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल, समोर तसंच दुसरं यंत्र, पण पोट उघडलेलं, आतल्या इवल्या इवल्या पट्ट्या सगळ्या बाहेर. खिडकीतून आलेलं पिवळसर ऊन त्याच्या मनगटावर पडलं होतं. पाऊस नुकताच थांबला होता.

"चॅनल वेगळे करता येतात का, बघतोय," तो म्हणाला. जणू ती रोजच इथे येत होती आणि विचारत होती. मग त्याच्या लक्षात आलं, कोण उभं आहे ते. तो धडपडत उठला. "तू?"

"हे परत करायचं होतं. निर्णय झाला."

"माहीत आहे. काकांचा फोन आला होता. इतके खूश होते, की मलाच अभिनंदन म्हणाले."

ती हसली. तोही हसला. मग तिची नजर बाकावर पसरलेल्या पट्ट्यांकडे गेली.

"बाकावर बसवलं ना तुला... माझ्यामुळे."

"अगं, खरं सांगू? मला इथेच बरं वाटतं. घड्याळं उघडणारा मुलगा मी, मला विकता कुठे येतं? आणि आता बंदही करता येतात." त्याने बोटांनी एक स्क्रू इकडून तिकडे सारला. "तुझ्याकडे यावंसं रोज वाटत होतं."

"मग का नाही आलास?"

"ऑर्डर हुकल्यावर तुझ्या दारात उभा राहिलो असतो, तर... कीव आली असती तुला."

"वा रे वा!" तिला एकदम राग आला, दोन आठवड्यांचा साचलेला. "आधी बोलला असतास, तर यंत्र खपवायला. नंतर बोललास, तर कीव यावी म्हणून. म्हणजे तू बोलायचंस कधी? त्याला काही मुहूर्त आहे की नाही?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"नको बोलूस," ती म्हणाली. "मी बोलते. मला तू आवडतोस."

बोलून गेली, आणि मग हातातला खोका अजून हातातच आहे हे तिच्या लक्षात आलं. त्याने तो तिच्या हातून घेतला, बाकावर ठेवला, नीट, सरळ, उगीचच दोनदा सरळ केला.

"परत सांग," तो म्हणाला.

"का? ऐकू नाही आलं?"

"आलं. म्हणून तर."

"आधी तू."

"मी तर..." तो थांबला. त्याने श्वास घेतला. "मी तर त्या पहिल्या दिवसापासून, तू ओरडलीस तेव्हापासूनच... तुझा आहे, डिंकी. घरी जाऊन आईलाही सांगितलं, आज एका मुलीने फार छान झापलं."

तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला, जिथे ऊन पडलं होतं तिथेच. त्याने दुसरा हात तिच्या हातावर ठेवला. कुणीच हललं नाही.

"कोण आलंय रे?" आतल्या खोलीतून साहेबांचा जाड आवाज आला. "गिऱ्हाईक आहे का?"

"नाही साहेब."

"मग कोण आहे?"

त्याने तिच्याकडे बघितलं. सांगू का, असं डोळ्यांनीच विचारलं. तिने मान खाली घातली, पण हात काढून घेतला नाही.

"माझं माणूस आलंय," तो म्हणाला.

आत कागद बाजूला सारल्याचा आवाज झाला.

"मग गाढवा, उभं काय ठेवलंयस? खुर्ची दे तिला."